बऱ्या झालेल्या गुडघ्याची तक्रार

तीर्थरूप दाजी यांस,

एर्गीनोस परटाचा नमस्कार. नमस्कार उभ्यानंच करतो आहे, वाकलो तर गुडघा ओरडतो. आणि गुडघा ओरडतो हे मोठ्यानं सांगायची मला या गावात सोय राहिलेली नाही, म्हणून तुम्हांला लिहितो. तुमची प्रकृती उत्तम असेल. ताईची कंबर काय म्हणते? कॉरिंथला यंदा ऑलिव्ह कसे उतरले? थोरल्या जावयाचं जहाज बंदराला लागलं का? सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे मी खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलं. मी मुळीच खुशाल नाही. मी इतका संतापलोय की गेले चार दिवस हौदात लोकांची घोंगडी तुडवताना त्यांच्यावरची लोकर निघून येते आहे. कालच एकानं आपलं घोंगडं उन्हात धरून पाहिलं, तर त्यातून त्याला माझं तोंड दिसलं.)

आता सरळच विचारतो. गेल्या साली द्राक्षं तोडायच्या दिवसांत तुम्ही आणि ताई आमच्याकडे आलात, आठ दिवस राहिलात, माझ्याकडची चांगली दारू तेवढी निवडून प्यायलात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाहुण्यानं प्यावी. पण निघताना उंबऱ्यात उभं राहून माझ्या बायकोच्या, मिर्तोच्या, कानात जे सोडून गेलात ते काय म्हणून? "एवढं अस्क्लेपिओसचं देऊळ गावाला लागून आहे, त्याला एकदा देवळात झोपव, गुडघा जाईल." गुडघा जाईल! गुडघा नाही गेला दाजी, मी गेलो. कामातून गेलो, मित्रांतून गेलो, आणि आता स्वतःच्या पायानं खुरडायच्या हक्कातूनसुद्धा गेलो. तुम्ही वयानं मोठे, माझ्या ताईचे यजमान, म्हणून जिभेला लगाम घालतो आहे. नाहीतर कुत्र्याशपथ सांगतो, हौदात उभा राहून मी काय काय बोलतो ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांनी त्या बाजूची खिडकी विटा लावून बंद करून घेतली आहे.

देवाबद्दल माझं काय मत आहे ते तुम्हांला माहीत आहे. देव नाही असं मी म्हणत नाही. (तसं म्हणणाऱ्यावर खटला भरतात, आणि मला गावात शत्रू कमी नाहीत.) माझं म्हणणं एवढंच की असला तरी परटाच्या गुडघ्यात लक्ष घालण्याइतका तो रिकामा नसावा. बोकड कापला की हाडं आणि धूर देवाला, मांस आपल्याला, ही वाटणी ज्यानं कुणी ठरवली तो देव नव्हता, चांगला जेवणारा माणूस होता. हे मी न्हाव्याच्या दुकानात वीस वर्षं बोलत आलो. आमचं तिथं एक टोळकंच होतं. थ्रासोन न्हावी, मी आणि आणखी दोघे-तिघे. सकाळी दाढी करून घ्यायची, जाणाऱ्या मिरवणुकीकडे बघून दोन शब्द बोलायचे आणि कामाला लागायचं. कुणाचं काही नुकसान नव्हतं. देवाचंही नव्हतं, त्यानं वीस वर्षांत एकदाही तक्रार केली नाही.

पण मिर्तोनं तुमचं ऐकून नवस बोलला. आणि आमच्याकडे बायकोनं नवस बोलला की तो फेडायला नवऱ्याचा गुडघा लागतो. तीन दिवस मला देवळाच्या आवारात ठेवलं. झऱ्याच्या गार पाण्यानं आंघोळ, दारू बंद, बोकडाचं मांस बंद, देवळातल्या सापाला मधाची वडी भरवायची. (साप गलेलठ्ठ झालाय, त्याला वडी नको असते, तो तोंड फिरवतो. तरी भरवायची.) तीन दिवसांनी मेंढ्याच्या कातड्यावर, बाकीच्या आजाऱ्यांच्या रांगेत, मंडपात झोपवलं. देव स्वप्नात येतो आणि औषध सांगतो, किंवा स्वतःच कापाकापी करून जातो, अशी व्यवस्था आहे. मी झोपलो. मेल्यासारखा झोपलो. देव आला असेल तर माझ्या घोरण्यानं परत गेला असेल. स्वप्न म्हणाल तर अर्धंसुद्धा पडलं नाही.

आणि इथं, दाजी, मी गाढवपणा केला. तो माझा आहे, तुमच्या माथी मारत नाही. सकाळी पुजारी प्राक्सिआस आपल्या लेखनिकाला घेऊन रांगेतून फिरतो आणि एकेकाला विचारतो, काय दिसलं. माझ्या शेजारच्या बाईला सोनेरी केसांचा तरुण दिसला होता. पलीकडच्या म्हाताऱ्याचा डोळा स्वप्नात कुत्र्यानं चाटला होता. माझी पाळी आली. पोटात तीन दिवसांत दारूचा थेंब नाही, डोकं नको तितकं साफ, आणि समोर तो लेखनिक कान टवकारून बसलेला. मला राहवेना. मी म्हटलं, देव आला होता, आणि तो परटाच्या वेषात आला होता. म्हणाला, एर्गीनोस, तू मला हसतोस, म्हणून तुझं काम मी फुकट करतो. मग त्यानं माझा गुडघा उपसून काढला, मुताच्या हौदात टाकला (आम्ही लोकर कशानं साफ करतो ते तुम्हांला ठाऊक आहे), दहा वेळा तुडवला, पिळला, दोरीवर वाळत घातला, आणि उजाडताना सुरकुती मोडून परत बसवला. मला वाटलं, आता सगळा मंडप खो खो हसेल. कोणी हसलं नाही. शेजारची बाई रडायला लागली. म्हाताऱ्यानं चाटलेला डोळा पुसला. लेखनिकानं "दहा वेळा की बारा?" एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं.

आणि त्या सकाळी गुडघा खरंच दुखत नव्हता. का दुखेल? तीन दिवस हौदात पाय नाही, ओझं नाही, चढण नाही. तेवढी विश्रांती मिळाली तर बैलाचाही गुडघा बरा होईल. मी ताठ चालत घरी आलो, मिर्तोनं ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं, मातीचा एक पाय भाजून घेऊन देवळाच्या भिंतीवर नेऊन टांगला. (माझ्या पायाहून देखणा आहे.) तिसऱ्या दिवशी मी हौदात उतरलो आणि चौथ्या दिवशी गुडघा पूर्वीसारखा ओरडायला लागला. मला वाटलं, झालं, संपलं, थ्रासोनला सांगायला एक गोष्ट मिळाली.

दोन महिन्यांनी देवळाच्या दारात नवा दगड उभा राहिला. देवानं कुणाकुणाला बरं केलं त्याची यादी. अकरावा मी! शब्द न् शब्द पाठ आहे, येता-जाता लोक वाचून दाखवतात: "एर्गीनोस परीट, गुडघा. हा देवाला हसत असे. देवानं स्वप्नात येऊन त्याचा गुडघा पवित्र झऱ्यात धुतला. उजाडताच तो धावत घरी गेला." धावत! दाजी, मी लहानपणी कुत्रं मागं लागलं तरी धावलो नाही, ताईला विचारा. आणि पवित्र झरा! मी हौद म्हणालो होतो, आणि हौदात काय होतं तेही म्हणालो होतो. थट्टा केली ती केली, तीसुद्धा यांनी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली.

त्या दिवसापासून माझं आयुष्य म्हणजे जत्रा आहे. बाकीचे दहा बरे झालेले लोक लांबलांबच्या गावचे, गावात हाताशी असलेला मी एकटा. देवळात आलेला माणूस दगड वाचतो आणि विचारतो, हा परीट कुठं राहतो? की निघाले. मी हौदात गुडघाभर पाण्यात, आणि काठावर मेगारा गावची बारा माणसं. एक म्हणतो उजवा, दुसरा म्हणतो डावा. एका बाईनं न विचारता माझ्या गुडघ्याला धागा बांधला. एकानं त्याच्यावरचा केस उपटून डबीत ठेवला, एकच ठेवला म्हणून मी गप्प बसलो, तर मागून त्याची सासू आली.

बरं, मी खुरडलो तर गाव खवळतं. देवळाच्या वाटेवर मधाच्या वड्या विकणारी लाम्पा आहे ना, जिचा नवरा समुद्रात गेला ती, परवा तिनं भर रस्त्यात मला पकडलं. "नीट चाल की रे मेल्या! लोक बघतायत." मी म्हटलं, "दुखतंय, लाम्पा." तर म्हणते, "दुखतंय तर घरात दुखव. चार पोरं आहेत माझी." आता बोला! धर्मशाळावाला, देवाला वाहायच्या कोंबड्या विकणारा, मातीचे कान-नाक-पाय बनवणारा कुंभार, सगळे माझ्या गुडघ्यावर जगतात आणि सगळे माझ्या गुडघ्यावर डोळा ठेवून असतात. चढणीवर जरा पाय ओढला की तीन दारांतून खाकरल्याचा आवाज येतो.

न्हाव्याच्या दुकानात जावं म्हटलं तर तिथं त्याहून वाईट. थ्रासोननं माझ्या गळ्याभोवती फडकं बांधलं, वस्तरा हातात घेतला आणि म्हणाला, "काय मग, भक्तराज?" वीस वर्षांचा मित्र! मी सगळं सांगितलं, थट्टा कशी केली ते सांगितलं, गुडघा उघडा करून सूज दाखवली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला किती कोंबड्या दिल्या रे पुजाऱ्यानं?" बाकीचे हसले. ज्या हसण्यात मी वीस वर्षं सामील होतो ते हसणं समोरून कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. अर्धी दाढी तशीच टाकून उठून आलो. देव मानणाऱ्यांनी मला आपला म्हटलं आणि न मानणाऱ्यांनी हाकलून दिलं, आणि मी होतो तिथंच आहे. हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही, गुडघा दुखतो.

घरी मिर्तो. ती रोज सकाळी भाकर पुढ्यात ठेवते आणि विचारते, "अहो, गुडघा कसा आहे?" आणि असा चेहरा करून विचारते, इतका आनंदानं उजळलेला, की मी लोण्यात सुरी घालावी तसं "बरा आहे" म्हणतो आणि भाकर गिळतो. एकदा धीर करून म्हटलं, जरा ठणकतोय. तर म्हणाली, "तुम्ही मुद्दाम दुखवून घेता." मुद्दाम! जसा काही मला दुसरा छंद नाही.

शेवटी ठरवलं, दगडावरचं नाव खोडून घ्यायचं. मला दुसरं काही नको. देव राहू दे, देऊळ राहू दे, साप वड्या खाऊन फुटू दे, माझं नाव तेवढं त्या दगडावरून जाऊ दे, म्हणजे मी उघड्यावर खुरडायला मोकळा. प्राक्सिआसकडे गेलो. तो लबाड नाही दाजी, लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाशी बोलता येतं. तो शांतपणे म्हणाला, "तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस." म्हटलं, "थट्टा केली." म्हणाला, "देवानं तुझ्या तोंडून थट्टा करवली." म्हटलं, "गुडघा अजून दुखतो!" म्हणाला, "मग पुन्हा हसला असशील." आणि वर हेही सांगितलं की एकदा देवाला वाहिलेली वस्तू परत घेता येत नाही. फुटका दिवासुद्धा आवाराबाहेर नेत नाहीत, खड्डा खणून आतच पुरतात. मी म्हटलं, मग मलाही पुरा! तो म्हणाला, देवळाच्या आवारात कुणाला मरू देत नाहीत. (हे खरं आहे, नियम आहे. मरायला टेकलेल्याला कुंपणाबाहेर नेऊन ठेवतात.)

मग गावसभेपुढे गेलो. भर सभेत व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून दाखवल्या, एकेक पायरी "आई गं" म्हणत. मला वाटलं, डोळ्यांनी बघितल्यावर तरी मानतील. तर कोंबड्यावाला उठला आणि म्हणाला, याचा गुडघा बरा झाला होता हे दगड सांगतो. आता दुखतो हे हा सांगतो. म्हणजे मधल्या काळात यानं देवाचा अपमान केला आणि देवानं दिलेलं परत घेतलं. म्हणजे दगड खराच, उलट दुप्पट खरा. टाळ्या पडल्या! मी बरा असलो तर देवाची कृपा, दुखत असलो तर देवाचा कोप, आणि मेलो तर आवाराबाहेर. यातून सुटायची एक तरी फट दाखवा मला, तुम्ही हिशेबी माणूस आहात.

तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं. देवाची मोठी यात्रा चार दिवसांवर आली होती. मी प्राक्सिआसला निरोप पाठवला की यात्रेच्या सकाळी मी त्या दगडाखाली येऊन बसणार, गुडघा उघडा टाकून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सूज चाचपायला लावणार. दुसऱ्याच दिवशी तो स्वतः माझ्या हौदाशी आला. चेहरा गंभीर. म्हणाला, रात्री देव माझ्या स्वप्नात आला आणि म्हणाला, त्या कृतघ्नाचं नाव माझ्या दगडावर नको. ऐकताय ना? वर्षभर मी खरं सांगितलं त्याचा उपयोग झाला नाही, आणि नाव जाणार ते कशानं, तर आणखी एका स्वप्नानं! मी त्याला म्हणणार होतो की हेही स्वप्न खोटं आहे. पण मिर्तो मागून पदराआडून खाकरली, आणि मी म्हटलं, देवाची इच्छा. वीस वर्षांत पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि तेसुद्धा खोटे. सीमोस पाथरवट उद्या सकाळी छिन्नी घेऊन येणार आहे. अकरावी ओळ जाणार.

हे पत्र खरं म्हणजे इथंच संपायला हवं होतं. जिंकलो, हे कळवायला म्हणून लिहायला घेतलं होतं. पण आज दुपारी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय हा राग पोटात मावणार नाही, आणि थ्रासोनला तर आता सांगता येत नाही.

आर्केडियाच्या डोंगरातला एक गुराखी आला. देक्सिपोस नावाचा. पाठीवर पोर. चार दिवस चालून आला होता, पायांना चिंध्या बांधलेल्या. पोरगी सहा वर्षांची असेल, रोदी नाव. तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला, तळवा वर बघतो. बाप म्हणाला, त्यांच्या डोंगरात एका लोकरवाल्यानं त्या दगडाची गोष्ट सांगितली. बाकी दहाजणांचं त्यानं मनावर घेतलं नाही, पण देवाला हसणारा परीट बरा झाला हे ऐकलं तेव्हा म्हणाला, हे खरं असणार, असलं कोणी उगीच रचत नाही. म्हणून शेळ्या भावाकडे सोडून निघाला. देवळात जायच्या आधी माझ्याकडे आला होता. मला म्हणाला, "मालक, मी अडाणी माणूस. दगडावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. तुम्ही तोंडानं सांगा, खरं आहे का?"

दाजी, वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. एवढ्या जत्रेत एकाही माणसानं हे विचारलं नव्हतं. सगळे मला सांगायला यायचे, विचारायला हा पहिला आला. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी तोंड उघडलं, आणि ती पोरगी बापाच्या खांद्यावरून वाकून माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही देवाला हसलात तरी त्यानं तुम्हांला बरं केलं. मी तर कधीच हसले नाही. मग मला करीलच ना?"

काय बोलणार? तुम्ही काय बोलला असता? तो पुजारी, ती गावसभा, तो कोंबड्यावाला, कुणालाही मी जे बोलायचं ते बोलू शकलो. या सहा वर्षांच्या पोरीच्या हिशेबात मला चूक दाखवता येईना. चूक होती, ती माझी होती, अकराव्या ओळीत होती. मी त्या देवाला मनात ज्या शिव्या दिल्या, दाजी, त्या हौदालासुद्धा नव्या होत्या. म्हटलं, असशील तर आत्ता ये. मला नको, माझा राहू दे सडका, हिच्या पायाला हात लाव. माझा सूड नंतर घे. आणि तोंडानं काय म्हणालो? म्हणालो, "करील. करणार नाही तर काय!" आणि उठलो आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालून दाखवलं. मग ती टाळ्या पिटायला लागली म्हणून पुन्हा चालून दाखवलं. मग हौदात उतरून घोंगडं तुडवून दाखवलं. मूर्ख! मूर्ख! पन्नाशीचा मूर्ख! डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मी हसत होतो. ती बापाला म्हणाली, "बघितलंस?" बापानं खाली वाकून माझ्या हौदाच्या काठाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. त्याला कुणी तरी सांगा हो की त्यात काय असतं ते.

ते देवळात गेले. तीन दिवसांनी पोरीला मंडपात झोपवतील. मी भिंतीला धरून घरात आलो आणि बाकावर पडलो. मिर्तो आली. तिनं दारातून सगळं बघितलं होतं. तिनं काही विचारलं नाही, "कसा आहे" सुद्धा नाही. चुलीवर तेल कोमट केलं आणि माझा गुडघा मांडीवर घेऊन चोळत बसली, नेमका जिथं दुखतो तिथं. मी न सांगता, नेमका तिथंच. म्हणजे तिला माहीत होतं! कधीपासून माहीत होतं? आणि मग वर्षभर त्या "बरा आहे" वर तशी हसत काय होती? विचारीन म्हणतो, पण ती इतकी चांगली चोळत होती की भांडायचं राहून गेलं.

असो. सारांश असा की मी तुमच्यावर, ताईवर, मिर्तोवर, पुजाऱ्यावर, थ्रासोनवर आणि त्या बसल्या जागी वड्या खाणाऱ्या सापावर अतिशय रागावलेलो आहे, आणि उद्या सकाळी अकरावी ओळ गेली की बहुधा माझा राग थोडा कमी होईल. ताईला माझा नमस्कार सांगा, मुलांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घाला. नाही घातलंत तरी चालेल, माझ्या पोटात अजून बरंच आहे.

तुमचा,
एर्गीनोस

ता. क. पत्र नेणारा खेचरवाला अजून निघालेला नाही, खेचर रुसलं आहे, म्हणून मूळ कामाचं लिहितो. तुमच्या गल्लीच्या टोकाला तो वैद्य राहतो ना, लहान पोरांचे वळलेले पाय हातानं थोडे थोडे फिरवून, मेण लावलेल्या पट्ट्या बांधून सरळ करणारा? तुमच्या भाच्याचा पाय त्यानंच केला होता. त्याला कसंही करून इकडे पाठवा. पत्र मिळताच निघाला तर पोरीला मंडपात झोपवायच्या वेळेला पोचेल. मी बोलावलं असं कुणाला कळता कामा नये, सहज देवदर्शनाला आला असं दिसू द्या. पट्ट्या बांधायला महिने लागतात म्हणतात, तर बाप-लेक आमच्याकडे राहतील, मिर्तोशी बोलणं झालं आहे. वैद्याला एक मात्र बजावून सांगा. पोरीनं विचारलं तर म्हणायचं, देवानं पाठवलं. श्रेय देवानं घेतलं तरी माझी हरकत नाही, एकदा घेतलंच आहे त्यानं.

पुन्हा ता. क. रात्र गेली, खेचर अजून रुसलेलंच आहे. आज सकाळी सीमोस पाथरवट आला होता. मी देवळापाशी गेलो तर पोरगी त्या दगडाखालीच बसलेली, बाप पाणी आणायला गेला होता. तिनं कुणाला तरी विचारून अकरावी ओळ कुठली ते माहीत करून घेतलं होतं आणि अक्षरांवरून बोट फिरवत बसली होती. सीमोसनं छिन्नी टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आज राहू दे. तो वैतागला, म्हणाला, सामान उचलून एवढ्या लांब आलोय, काहीतरी काम तर द्या, या ओळीचा लाल रंगही उडालाय. डबा त्याच्याजवळ होता. म्हटलं, मग भर. नाव जरा ठळक भर.